राखणारा आणि राख करणारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डार्क सनचं कॅम्पेन पहिल्यांदाच चालवायला घेतलंय. (डार्क सन म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळातलं एक जग; कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक लांब गोष्ट.) अथासवर, म्हणजे या जगात, जादूगार दोन तऱ्हेचे असतात. डिफायलर आजूबाजूची झाडंझुडपं जाळून जादू करतो, प्रिझर्व्हर काही न जाळता करतो. मग लोक प्रिझर्व्हरलाही दगड मारायला का उठतात? टेबलावरच्या मंडळींना हे पटत नाही. आणि जादू इतकी बदनाम असेल, तर जादूगार घेऊन खेळायचंच कशाला?

पुण्यात ओळखीच्या पाच-सहा जणांच्या टेबलावर मी हे जग चौदा वर्षं चालवतोय. तीन कॅम्पेन तडीस गेली, एक मधेच मोडलं. ते का मोडलं ते पुढे येईलच, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी एक दुरुस्ती. 'काही न जाळता' हे खरं असलं तरी अर्धवट आहे. प्रिझर्व्हरही झाडांकडूनच घेतो. तो बेतानं घेतो, झाड सावरेल इतकंच घेतो, एवढाच काय तो फरक. हे डोक्यात पक्कं बसलं की गावकऱ्यांचा राग आपोआप समजायला लागतो.

मुळात हा बदल केवढा मोठा होता ते बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, तेव्हापासून त्यातल्या जादूगाराची रीत ठरलेली: सकाळी पोथी उघडायची, मंत्र पाठ करायचा, तो एकदा उच्चारला की डोक्यातून पुसला जातो, मग झोप काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठांतर. ही कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या कथांमधून उचललेली. खेळायला सोपी आहे, हिशोब नीट ठेवता येतो. पण त्यात जादूचं बिल कोण भरतं? फक्त जादूगार, तेही झोपेच्या आणि अभ्यासाच्या रूपात. शेजाऱ्याचं काही जात नाही. त्यामुळे त्या जगांमध्ये लोक जादूगाराला घाबरतात, मान देतात किंवा त्याच्याकडे औषध मागायला येतात. त्याचा द्वेष करायला त्यांच्याकडे कारणच नसतं.

१९९१ मध्ये टीएसआर कंपनीनं डार्क सनची पेटी, म्हणजे या जगाच्या पुस्तकांचा संच, काढली. टिमथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांची रचना, ब्रॉमची चित्रं. त्यांनी पाठांतराची रीत तशीच ठेवली आणि बिलावरचं नाव तेवढं बदललं. मंत्राला लागणारी ताकद वनस्पतींमधून येते. म्हणजे जादू करणारा एक आणि किंमत मोजणारा दुसराच. आणि हे कुठे, तर जिथे गवताचं पातंही मोजून आहे अशा वाळवंटी जगात! धातू जवळजवळ संपलेला, म्हणून तलवारी हाडाच्या आणि ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेच्या), नाणी भाजलेल्या मातीची, एका नाण्याचे दहा तुकडे म्हणजे सुटे पैसे. राबणाऱ्या माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, म्हणजे साधारण पावणेचार लिटर, आणि ते पाणी कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपल्या पात्राच्या नोंदीच्या कागदावर, मोजायचं असतं. अशा ठिकाणी कुणी झाड मारलं तर त्यानं नेमकं काय मारलं हे सांगत बसावं लागत नाही.

आता यंत्रणा. डिफायलर मंत्र टाकतो तेव्हा त्याच्याभोवती वर्तुळात सगळी हिरवळ राख होते. मंत्र जितका वरच्या लेव्हलचा, तितकं वर्तुळ मोठं. जमीन जितकी रुक्ष, तितकंही वर्तुळ मोठं, कारण तेवढीच ताकद गोळा करायला जास्त लांबवर हात घालावा लागतो. दाट रानात लहानसा डाग पडतो. खडकाळ माळावर तोच मंत्र कितीतरी दूरपर्यंतचं खुरटं गवत खाऊन टाकतो. थोडक्यात, जिथे आधीच कमी आहे तिथे नुकसान जास्त. वर्तुळात सापडलेल्या जिवांनाही कळ लागते, एक क्षण हातपाय चालत नाहीत. आणि ती राख तशीच राहते. पुढची कित्येक वर्षं तिथे काही उगवत नाही. हा तपशील प्लेअर सगळ्यात आधी विसरतात आणि खरं तर सगळा खेळ त्यावरच उभा आहे.

आमच्या टेबलावर पहिल्या कॅम्पेनपासून मराठी नावं आहेत: डिफायलर म्हणजे 'राख करणारा' आणि प्रिझर्व्हर म्हणजे 'राखणारा'. ही कोटी माझी नव्हे, एका प्लेअरची. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कोटीत दिसतं. दोन शब्द कानाला इतके जवळ लागतात की लांबून ओरडणाऱ्या माणसाला कुठला ऐकू आला ते सांगता येणार नाही. गावकऱ्याचंही तेच होतं. समोर एक माणूस हातवारे करतोय, काहीतरी पुटपुटतोय, आणि पुढच्या क्षणी एक तर तुमचं शेत उभं असेल किंवा नसेल. कोणता निघाला ते कळेपर्यंत थांबायची चैन कोणाला परवडेल?

माझं आजोळ बीड जिल्ह्यात. तिथल्या शेजाऱ्यानं सहाशे फुटांचा बोअर घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. बोअरमुळे आटली की पाऊस कमी झाला म्हणून, हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं. आजीनं मात्र निकाल देऊन टाकला होता: "त्यानं पाणी ओढलं." पुढे त्याच शिवारात दुसऱ्या एकानं बोअर घेतला आणि ठिबक बसवलं, थेंब मोजून पाणी देणारा माणूस. त्याच्याशीही लोक दोन वर्षं धड बोलत नव्हते. ठिबक असलं तरी बोअर तो बोअरच. टेबलावरच्या एका मुंबईच्या प्लेअरला प्रिझर्व्हरची कुचंबणा समजावून सांगता सांगता माझा घसा बसला होता. शेवटी पलीकडे बसलेला, घरी ऊस असलेला गडी म्हणाला, "अरे, तो ठिबकवाला आहे." तिथेच विषय मिटला.

राग फक्त नुकसानीचा नाही, इतिहासाचाही आहे. अथास कायम असं नव्हतं. एके काळी ते हिरवं होतं, आणि त्याचं वाळवंट जादूनंच केलं. सामान्य माणसाला हा इतिहास तपशिलानं ठाऊक नसतो, लिहिण्या-वाचण्यावरच बंदी असल्यावर कसा असेल! पण आजीकडून नातवाकडे इतकं नक्की आलेलं असतं की पूर्वी इथे पाणी होतं आणि ते जादूगारांनी खाल्लं. त्यामुळे प्रिझर्व्हर जेव्हा म्हणतो की "मी तसा नाही", तेव्हा त्याच्यामागे सगळं ओसाड क्षितिज उभं असतं आणि ते त्याच्या विरुद्ध साक्ष देत असतं.

बंदीचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण चांगल्या गोष्टी इथेच मिळतात. शहर-राज्यांमध्ये वाचता-लिहिता येणं हा सरदारांचा आणि टेम्पलरांचा, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्यांचा, हक्क आहे. बाकीच्यांच्या हातात अक्षर सापडलं तर शिक्षा. आता जादूगाराला पोथीशिवाय चालत नाही. म्हणजे त्याच्यावर दोन गुन्हे एकदम: जादू आणि साक्षरता. म्हणून तो पोथी पोथीसारखी ठेवतच नाही. दोरीला मारलेल्या गाठी, मण्यांच्या माळा, कोरलेले दगड, कापडावरची नक्षी यांत मंत्र दडवतो. माझ्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये एकीनं आपले मंत्र गोधडीच्या टाक्यांत शिवले होते. छापील नियमात गोधडी नाही, पण मी लगेच हो म्हणालो. मग टेम्पलरच्या झडतीत ती गोधडी तीन वेळा उलगडली गेली आणि तिन्ही वेळा टेबलावर कुणी श्वास घेतला नाही. मंत्राचं साहित्य एल्फांच्या बाजारात मिळतं, चोरून, दुप्पट भावानं, आणि विकणारा एल्फ उद्या तुम्हालाच विकणार नाही याची खात्री नाही. (अथासचे एल्फ म्हणजे पळणारे, फसवणारे, टोळीबाहेरच्या कुणालाही न जुमानणारे भटके. इतर जगांतले सुंदर, शहाणे एल्फ डोक्यातून काढून टाका.)

प्रिझर्व्हरांना आसरा देणारी एक गुप्त संघटना आहे, व्हेल्ड अलायन्स. आम्ही तिला 'बुरखेवाले' म्हणतो. प्रत्येक शहरात वेगळी, एका शहरातली माणसं दुसऱ्या शहरातल्यांना ओळखतीलच असं नाही. आत शिरणं अवघड, बाहेर पडणं त्याहून अवघड. नवे डीएम (गोष्ट चालवणारे) हिला शूरवीरांची सेना करून टाकतात. कृपा करून तसं करू नका. ही घाबरलेल्या माणसांची संघटना आहे. तुमच्या प्लेअरनं दारावर थाप मारली की आतल्याच्या मनात पहिला विचार "मदत करूया" असा येत नाही, "हा पकडला गेला तर आपल्यापैकी किती जणांची नावं सांगेल?" असा येतो. मी तर पहिली भेट अशीच करतो: बुरखेवाले काही देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात, आणि शेवटचा प्रश्न असा असतो की उत्तर द्यायचं तर कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल. नाव घेणाऱ्याला परत बोलावत नाहीत.

आता बाकीच्या शक्तींबद्दल दोन शब्द, कारण लोकांचा राग सगळ्या अद्भुतावर नाही. मनाची विद्या, ज्याला सायऑनिक्स म्हणतात, ती अथासवर अगदी घरगुती आहे. १९९१ च्या नियमात प्रत्येक कॅरेक्टरला त्यातलं काही ना काही उपजत येतंच. ती माणसाच्या आतून येते, शेजाऱ्याचं गवत सुकत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. देव तर अथासवर नाहीतच. धर्मोपदेशक पृथ्वी, आप, तेज, वायू या तत्त्वांकडून शक्ती घेतात. पाण्याच्या उपासकाला कोणत्याही गावात जेवण मिळतं. ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे उपासक, आपापला जमिनीचा तुकडा राखून असतात, आणि डिफायलरशी त्यांचं वैर सांगायला नकोच. म्हणजे लोकांचं गणित सरळ आहे. शक्ती किती अचाट यापेक्षा ती आली कुठून, हे ते बघतात. आणि म्हणूनच बरेचसे जादूगार चारचौघांत मनाच्या विद्येचा आव आणतात. मंत्र टाकायचा, कपाळाला दोन बोटं लावायची आणि दमल्यासारखं करायचं. पण जवळपास एखादं हिरवं पान असेल तर सगळे आधी त्या पानाकडे बघतात.

टेम्पलरांची गोष्ट वेगळी. त्यांना मंत्रशक्ती राजाकडून मिळते. ते राख करत नाहीत, तरी लोक त्यांना शिव्या घालतात, पण त्या सरकारी माणसाला घालायच्या शिव्या असतात.

आणि राजे! या जगाचा सगळ्यात मोठा डंख इथे आहे. जादूवर बंदी घालणारे, जादूगारांना चौकात मारणारे हे राजे स्वतः अथासवरचे सगळ्यात मोठे राख करणारे आहेत. टायर शहराचा कालाक, युरिकचा हमानू, निबेनेचा छायाराजा, सगळे त्याच माळेचे मणी. १९९२ साली आलेल्या पुरवणीत त्यांचं गुपित खुलं झालं: विसाव्या लेव्हलचा डिफायलर, जो मनाच्या विद्येतही विसाव्या लेव्हलला पोचलाय, तो पुढे एकविसाव्यापासून तिसाव्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं ड्रॅगन होत जातो. त्या टप्प्यांना झाडं पुरत नाहीत. ऑब्सिडियनच्या आधारानं जनावरांचं, माणसांचं आयुष्य ओढावं लागतं. कालाकनं नेमका हाच घाट घातला. गुलामांच्या रक्तावर भलाथोरला झिगुराट (पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा) बांधला, उद्घाटनाला सगळं शहर आखाड्यात जमवलं आणि त्या गर्दीचाच घास घ्यायला निघाला. १९९१ मध्येच आलेल्या कादंबरीत तो तिथे मारला जातो आणि टायर मोकळं होतं. बाकीच्या शहरांमधून मात्र दरवर्षी हजार-हजार माणसं आधीच पुरता ड्रॅगन झालेल्या एकाला भेट म्हणून जात राहतात.

मग बंदी कशासाठी? माझं मत असं: विहीर एकच असेल तर दुसऱ्यानं पोहरा सोडलेला मालकाला चालत नाही. राजांच्या कायद्यामागे झाडांची काळजी शोधायला जाऊ नका. आणि गावकऱ्याचा खरा राग या कायद्याच्या फार सोयीचा आहे. लोक गल्लीतल्या भेकड प्रिझर्व्हरवर दगड उचलतात, टेम्पलर टाळ्या वाजवतात, आणि झिगुराटवर रोज एक थर चढत जातो. तुमच्या प्लेअरना अन्याय वाटतो म्हणालात ना, त्यांचा राग गावकऱ्यावर अडकू देऊ नका. हळूहळू वर सरकवा. पण घाई करू नका, त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे. राजे स्वतःच डिफायलर आहेत हे मी दहाव्या सेशनच्या आत कधीच सांगत नाही.

सूर्याच्या रंगाचीही एक कथा आहे. पूर्वी निळा असलेला सूर्य पिवळा झाला आणि मग तांबडा, आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्याकडूनच ताकद ओढली होती. १९९५ च्या सुधारित पेटीत हे सगळं खुलासेवार दिलंय: राजात नावाचा पहिला जादूगार, त्याचे शिष्य, त्यांची युद्धं. वाचायला झकास आहे, पण खेळताना प्लेअरना सांगू नका. तांबडा सूर्य नुसता रोज उगवू द्या. ज्याचं कारण माहीत नाही अशा तांबड्या उजेडाखाली लोक जास्त सावधपणे चालतात.

आता मोडलेल्या कॅम्पेनबद्दल. ते माझं पहिलंच. मी राखेचं वर्णन मोठ्या हौसेनं करायचो: पानं काळवंडली, देठ गळाले, वाऱ्यावर करडी भुकटी उडाली. मंडळी मान डोलवायची आणि पुढचा फासा टाकायची. पंधरा सेशननंतर आमच्यातला डिफायलर इतर कुठल्याही जगातल्या जादूगारासारखाच झाला होता, फक्त त्याचा धूर जास्त. त्यात जुन्या नियमात डिफायलरला पुढच्या लेव्हलला जायला प्रिझर्व्हरपेक्षा कमी एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, म्हणजे तो बाकीच्यांच्या पुढे पळत होता. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, सोपी वाट लवकर पोचवते म्हणून. पण वाटेत काहीच गमवावं लागत नसेल तर त्याला मोह कसं म्हणायचं? प्रिझर्व्हर घेतलेली मुलगी एके दिवशी सरळ म्हणाली, "मी मूर्ख आहे का?" तिचं बरोबर होतं. चार आठवड्यांत कॅम्पेन बंद पडलं.

दुसऱ्या वेळी मी चौकटींच्या कागदावर सगळ्या मुलखाचा एकच नकाशा केला आणि ६बी पेन्सिल आणली. राखेचं प्रत्येक वर्तुळ जागच्या जागी गिरवायचं, ज्यानं केलं त्यानंच, स्वतःच्या हातानं. खोडरबर घरात ठेवायचा. एवढ्यानं सगळं बदललं. डाग दिसायला लागले. चाऱ्याची जागा गेली म्हणून काफिल्यानं रस्ता बदलला, रस्ता बदलला म्हणून एका गावातलं मीठ संपलं. हे सगळं मला आधी ठरवावं लागलं नाही, नकाशाकडे बघून सुचत गेलं. आणि कागदावर काळी धूळ पसरल्यामुळे सगळ्यांच्या मनगटाला काळं लागायचं. ते काही मी योजलेलं नव्हतं.

२०१० मध्ये खेळाच्या चौथ्या आवृत्तीतल्या डार्क सननं नियमातच एक फार हुशार बदल केला. जन्मजात डिफायलर किंवा प्रिझर्व्हर अशी विभागणी काढून टाकली. कोणताही जादूगार आपला मोठा, दिवसातून एकदाच वापरायचा मंत्र टाकताना ऐन वेळी ठरवू शकतो की आत्ता राख करायची. केली तर फासा परत टाकायला मिळतो. बदल्यात आसपासच्या स्वतःच्याच साथीदारांना इजा होते. फासा चुकलाय, समोर मरण उभं आहे, आणि डीएम शांतपणे विचारतो, "परत टाकायचाय?" माझ्या मते या जगासाठी लिहिला गेलेला हा सगळ्यात चांगला नियम आहे. जुन्या नियमात तुम्ही कोण आहात ते कॅरेक्टर करतानाच ठरून जातं. इथे दर लढाईत ठरतं.

तिसऱ्या कॅम्पेनमध्ये आमच्या राखणाऱ्यानं सव्वीस सेशन एकदाही राख केली नाही. मग खजुराच्या एका बनात लुटारूंनी गाठलं. त्याच बनातल्या लोकांनी आदल्या रात्री यांना आपल्या वाट्याचं पाणी दिलं होतं. साथीदार पडलेला, फासा चुकला. मी विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि फासा उचलला. लढाई जिंकली. मी पेन्सिल त्याच्याकडे सरकवली. लोक झोपड्यांतून बाहेर आले, कुणी दगड उचलला नाही, कुणी ओरडलं नाही. एका म्हातारीनं यांच्या मशका परत मागितल्या, एवढंच. त्या तिच्याच होत्या. पार्टीनं, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीनं, न बोलता दिल्या. दोन महिन्यांनी परतीच्या वाटेवर त्यांना तिथूनच जावं लागलं, तेव्हा तिथे पाणीही नव्हतं आणि माणसंही नव्हती. त्या दिवसापासून 'लोक प्रिझर्व्हरला का मारतात' हा प्रश्न आमच्या टेबलावर कुणी विचारला नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण आपण मराठीत खेळतो. गावकऱ्यांच्या तोंडी शब्द घालताना चेटूक, करणी, चेटकीण हे शब्द जिभेवर आपसूक येतात. मीही सुरुवातीला वापरले, नंतर बंद केले. अथासवरचा राग खऱ्या राखेवर उभा आहे. आपल्याकडे चेटकीण ठरवून ज्या बायकांना मारलं, गावाबाहेर काढलं, त्यांच्या पायाखाली कधीच कसली राख नव्हती. जमिनीचा वाद होता, विधवापण होतं, कुणाचं तरी मूल तापानं गेलेलं होतं. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला, आणि त्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. हे शब्द वापरले की टेबलावर नकळत असा अर्थ तयार होतो की जमाव बरोबर असतो. म्हणून आम्ही 'ओढणारा' म्हणतो, आजीच्या त्या वाक्यावरून. "ओढणारा आलाय" ही आमच्या अथासवरची सगळ्यात वाईट बातमी.

राहिला शेवटचा भाग: जादूगार घ्यायचाच कशाला? ज्याला फक्त आगीचे गोळे फेकायचेत त्यानं घेऊ नये, त्याला मनाची विद्या द्या, तो खुश राहील. जादूगार त्याला द्या, ज्याला लपायला आवडतं आणि निवड करताना घाम फुटला तर मजा येते. आणि पार्टीत एकच असू द्या. दोन झाले की ते एकमेकांना समजून घेतात आणि एकटेपणा निघून जातो.

पाचव्या आवृत्तीत खेळणार असाल तर माझा घरचा नियम घ्या. छापील नाही, पण सहा वर्षं वापरात आहे. मंत्र टाकताना राख करायची ठरवली तर स्लॉट (दिवसाच्या ठरलेल्या मंत्रांपैकी एक) खर्च होत नाही. मंत्राच्या लेव्हलला दहानं गुणा, तितक्या फुटांचं वर्तुळ, रुक्ष जमिनीवर त्याच्या दुप्पट. वर्तुळातल्या प्रत्येक साथीदाराला लेव्हलइतके डी-४ (चार बाजूंचे फासे) टाकून येईल तितकं नुकसान. राख झालेल्या जागेवर पुन्हा ओढायला काही उरत नाही, जागा बदलावी लागते. सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून करा, मूळ पेटीतही तसंच आहे. प्रत्येकाला दोन-तीन राखीव कॅरेक्टर करून ठेवायला सांगा. मूळ नियमात खेळतं एक धरून चार सांगितलेत आणि ते उगाच नाहीत.

पहिल्या सेशनला एक लहान गाव घ्या आणि त्यात एकच मोठं झाड ठेवा. त्याला पाणी कोण घालतं, कुणाच्या पाळीला किती, सावलीत कोण बसतं, फांदी तोडली तर दंड काय, हे सगळं ठरवून या. लढाई नको. फक्त संध्याकाळी एक अनोळखी माणूस त्या झाडाखाली येऊन बसू दे, हातात गाठी मारलेली दोरी घेऊन.